कर्वेनगरमधून रिव्ह्यू: स्वच्छची कचरा सेवा, जुन्या सामानाचं कलेक्शन आणि बाकी बरंच काही

आमच्या सोसायटीत नवीन भाडेकरू आले की ग्रुपवर तोच प्रश्न येतो, कचऱ्याची गाडी किती वाजता येते, आणि त्याच्याच खाली दुसरा, टॅक्स भरतो ना मग दारातून कचरा नेणाऱ्या ताईंना वेगळे पैसे कशाला. दरवेळी तुकड्यातुकड्यात उत्तर देण्यापेक्षा एकदाच सविस्तर लिहून ठेवते, ज्याला पाहिजे त्याने निवांत वाचावं. पुण्यात पर्यावरण म्हटलं की कार्यक्रमांना तोटा नाही, टेकडीवर झाडं लावायला जातात, नदीकाठी फेऱ्या निघतात, ११ डिसेंबरला लक्ष्मी रोडवर गाड्या बंद ठेवून पादचारी दिन पण करतात, आणि हे सगळं मला मनापासून आवडतं, जमेल तेव्हा जाते पण. पण रोज सकाळी दारात येऊन शहर राहण्यालायक ठेवणारी सेवा कुठली असं विचारलंत तर माझं उत्तर स्वच्छ ही संस्था हेच आहे. पाचपैकी पाच. का ते सांगते, आणि तिचा पूर्ण फायदा घ्यायचा तर घरात काय करावं लागतं ते पण सांगते, कारण ही सेवा अर्धी त्यांच्या हातात आहे आणि अर्धी आपल्या.

आधी हे आहे काय ते. बऱ्याच जणांना वाटतं स्वच्छ म्हणजे महापालिकेचं खातं, काहींना वाटतं कुठल्यातरी कॉन्ट्रॅक्टरची कंपनी. खरं म्हणजे ही कचरावेचकांची स्वतःची सहकारी संस्था आहे, मालक पण त्याच आणि काम करणाऱ्या पण त्याच, आणि त्यात बहुतेक सगळ्या बायका. याची मुळं खूप मागे जातात, १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना उभी राहिली, बाबा आढाव पाठीशी होते, एसएनडीटी महिला विद्यापीठात प्रौढ शिक्षणाचं काम करणाऱ्या लक्ष्मी नारायण आणि पूर्णिमा चिकरमाने होत्या. तेव्हा या बायका कचराकुंडीत वाकून काच-कागद वेचायच्या आणि कुणीही त्यांना चोर म्हणून हाकलायचं. मग संघटनेमुळे पुणे आणि पिंपरी-चिंचवड महापालिकांची ओळखपत्रं मिळाली, आणि त्यानंतर विचार पुढे गेला की कुंडीत जाऊन सडलेल्यातून वेचण्यापेक्षा घराच्या दारातूनच कचरा घेतला तर काय वाईट आहे. २००८ मध्ये स्वच्छचा महापालिकेशी करार झाला आणि दारोदारचं काम सुरू झालं. आज साडेतीन हजारांच्या आसपास सभासद आहेत, म्हणजे पुण्याच्या मोठ्या भागात सकाळी ज्या ताई बेल वाजवतात त्या बहुतेक यांच्यातल्याच.

आता रोजचं काम कसं चालतं ते. आमच्याकडे ताई सकाळी येतात, मजल्यामजल्यावरून ओला आणि सुका वेगळा गोळा करतात, ओला बादलीत आणि सुका गोणीत. खाली आल्यावर ढकलगाडी. ओला कचरा फीडर पॉइंटला, म्हणजे गाडी जिथे उभी असते त्या ठरलेल्या जागी, जाऊन महापालिकेच्या गाडीत पडतो, आणि सुका कचरा त्या स्वतः वेगळा करतात, त्यातलं जे विकलं जाईल ते भंगारवाल्याला विकतात. तो पैसा त्यांचा. म्हणजे त्यांची कमाई दोन ठिकाणाहून होते, एक आपण महिन्याला देतो ती फी आणि दुसरं भंगाराचे पैसे. हे एकदा डोक्यात बसलं की बाकी सगळं आपोआप कळायला लागतं. तुम्ही सुका कचरा खरकट्यात कालवून दिलात तर तुम्ही त्यांच्या कमाईचा एक भाग सरळ सडवलात. पुठ्ठ्याचा भाव पडला की त्या महिन्यात त्यांच्या घरात ताण येतो, आणि हे आपल्याला वरच्या मजल्यावर बसून कळत पण नाही.

एकदा मी खाली पार्किंगमध्ये त्यांच्याबरोबर बसून बघितलं, मुद्दाम, कारण मला समजून घ्यायचं होतं. ताईंनी ताडपत्री पसरली आणि सगळ्या मजल्यांची गोणी त्यावर उपडी केली. हात इतका भराभर चालतो की आपली नजर मागे पडते. पुठ्ठा इकडे, रद्दी तिकडे, पांढरा कागद वेगळा कारण त्याला भाव जास्त, दुधाच्या पिशव्या एका पिशवीत, पाण्याच्या बाटल्या दुसऱ्या, शाम्पूच्या डब्यासारखं कडक प्लास्टिक तिसऱ्या. बाटलीचं झाकण फिरवून काढलं आणि वेगळ्या डब्यात टाकलं, मी विचारलं हे का, तर म्हणाल्या झाकणाचं प्लास्टिक वेगळं असतं, भाव पण वेगळा. मग एक पिझ्झाचा बॉक्स आला, त्याला तेल आणि चीज चिकटलेलं, त्यांनी झाकणाचा कोरडा भाग फाडून पुठ्ठ्यात टाकला आणि खालचा तेलकट भाग बाजूला सारला. आणि चिप्सची पाकिटं, आतून चंदेरी असतात ती, त्यांचा एक ढीग तसाच राहिला. त्याला जवळपास काहीच भाव नाही, कारण प्लास्टिक आणि ॲल्युमिनिअमचे थर एकमेकांना चिकटवलेले असतात आणि ते सुटे करणं परवडत नाही. कंपन्यांनी असली पाकिटं काढायची, आपण खायची, आणि निस्तरायचं त्या ताडपत्रीवर बसलेल्या बाईने, हे बघून मला खरंच खूप राग आला. नदीसाठी काम करणाऱ्या जीवितनदी संस्थेच्या लोकांबरोबर विठ्ठलवाडीच्या नदीकाठी चालायला जा कधी, झुडपांच्या मुळांशी अडकलेलं हेच दिसतं, शाम्पूच्या पुड्या, गुटख्याच्या पुड्या, चिप्सची पाकिटं, कारण कुणालाच ती उचलून परवडत नाही.

दुधाच्या पिशवीबद्दल ताई जे म्हणाल्या ते तर मी घरात सगळ्यांना पाठ करायला लावलंय. "वहिनी, पिशवीचा कोपरा कापता ना, तो पूर्ण तोडू नका, लटकता ठेवा. तो बारका तुकडा कुठंच सापडत नाही, गटारात जातो. आणि पिशवी नुसती पाण्यानं खंगाळून द्या, नाहीतर दुसऱ्या दिवशी वास मारतो, मग आम्हालाच धुवावी लागते." एवढंच. साबण नको काही नको, नळाखाली दोन सेकंद धरायची आणि ओट्याच्या कडेला उलटी ठेवायची, संध्याकाळपर्यंत वाळते.

पैशाचं म्हणाल तर आमच्याकडे महिन्याला घरटी शंभर रुपयांच्या आसपास जातात, वस्त्यांमध्ये दर त्याहून कमी आहे. आता एवढ्यात काय येतं सांगा, चितळ्यांकडे बाकरवडी आणायला गेलात तरी जास्त होतात. आणि ज्यांना वाटतं टॅक्समध्ये हे धरलेलं आहे त्यांच्यासाठी, दारातून कचरा उचलणाऱ्या ताईंना महापालिकेकडून पगार मिळत नाही, त्यांची मजुरी म्हणजे ही फी. २०१६ च्या घनकचऱ्याच्या नियमांत पण स्पष्ट होतं, कचरा वेगळा करून द्यायचा आणि ठरलेली युजर फी भरायची ही नागरिकाची जबाबदारी. माझं मत विचाराल तर ही पुण्यातली सगळ्यात स्वस्त सेवा आहे आणि जितकी स्वस्त आहे तितकी असायला नको. फी थकवणारे लोक बघितले की मला लाज वाटते, तीन-तीन महिने दार उघडून उद्या या म्हणणारे, आणि त्याच घरात रोज संध्याकाळी डिलिव्हरीवाल्याचे बॉक्स येत असतात.

सॅनिटरी कचऱ्याबद्दल थोडं थांबून लिहिते कारण यावर कोणी बोलत नाही. पॅड आणि डायपर हे सुक्यात पण जात नाहीत आणि ओल्यात पण नाहीत. ते नुसते पिशवीत कोंबून दिले की वेगळं करणाऱ्या बाईच्या हातात उघडे येतात. उघडे, हातात. विचार करून बघा एकदा. स्वच्छने यासाठी लाल ठिपक्याची मोहीम चालवली, वर्तमानपत्रात नीट गुंडाळायचं, वर लाल पेनाने मोठा ठिपका काढायचा आणि वेगळं द्यायचं, म्हणजे समोरच्याला न उघडता कळतं आत काय आहे. याच बायकांनी बनवलेल्या रद्दीच्या कागदाच्या पिशव्या पण मिळतात. २०१३ मध्ये तर त्यांनी कचऱ्यात आलेले वापरलेले पॅड गोळा करून थेट कंपन्यांना परत पाठवले होते, की तुमचा माल आहे, विल्हेवाटीची काही सोय करा. मला या बायकांचं फार कौतुक वाटतं यासाठी. आमच्या घरात बाथरूमच्या कपाटात रद्दी आणि लाल स्केचपेन कायम ठेवलेलं असतं, माझ्या मुलाला पण माहितीये ते कशासाठी आहे, आणि त्यात लाजण्यासारखं काय आहे.

आता सोसायटीचं राजकारण. मधे काही वर्षांपूर्वी आमच्या कमिटीतल्या काही जणांच्या डोक्यात आलं की ताई कशाला, एका खासगी टेंपोवाल्याला देऊ, तो एकदम सगळं उचलून नेईल, घरोघरी पैसे गोळा करायची कटकट नाही आणि वेगळं करायची पण नाही. मी आणि खालच्या मजल्यावरच्या काकू मीटिंगमध्ये खूप भांडलो पण बहुमत त्यांचं होतं. टेंपो आला. ओलं सुकं काच डायपर सगळं एकाच ड्रममध्ये, ड्रम टेंपोत, टेंपो निघाला, कुठे जातो विचारलं तर डेपोला असं उत्तर, कुठला डेपो ते नाही. पुणेकरांना तरी हे उत्तर पुरायला नको, कारण वर्षानुवर्षं आपला मिक्स कचरा उरुळी देवाची आणि फुरसुंगीला नेऊन ओतला गेला, तिथल्या लोकांच्या विहिरींचं पाणी नासलं, त्यांनी रस्त्यावर येऊन कचऱ्याच्या गाड्या अडवल्या तेव्हा कुठे शहराला जाग आली. पुण्यात दिवसाला दोन हजार टनांच्या पुढे कचरा होतो आणि तो डेपोला गेला म्हणजे कुणाच्या तरी शेजारी गेला. शेवटी टेंपोवाला दोन-दोन दिवस गायब व्हायला लागला, पार्किंगमध्ये वास, कुत्री, घुशी, आणि मग त्याच लोकांनी आरोग्य कोठीवर, म्हणजे महापालिकेच्या भागातल्या सफाईच्या ऑफिसात, जाऊन ताईंना परत बोलवा म्हणून सांगितलं. ताई परत आल्या, एका शब्दाने काही बोलल्या नाहीत. मधल्या काळात त्यांची कमाई बुडाली ती कुणी भरून दिली नाही, हे मला अजून खुपतं.

आणि हे फक्त आमच्या सोसायटीपुरतं नाही. स्वच्छचा महापालिकेशी असलेला करार २०२० अखेर संपला तेव्हा पण हेच झालं होतं, मुदतवाढीवर मुदतवाढ, काम ठेकेदाराला द्यायच्या चर्चा, आणि या बायका ऊन-पावसात मोर्चे काढत होत्या. कोविडमध्ये सगळे दार लावून बसलेले असताना ज्या रोज येत होत्या त्यांना आपलं काम टिकेल की नाही हे माहीत नसावं ही गोष्ट कुठल्याही शहराला शोभणारी नाही.

आता जुन्या सामानाचं कलेक्शन. याला ते व्ही कलेक्ट म्हणतात, वेगवेगळ्या भागात, सोसायटीत किंवा एखाद्या हॉलमध्ये ठरलेल्या दिवशी टेबलं मांडतात आणि आपण घरातलं नको असलेलं सामान नेऊन द्यायचं. कपडे, चपला-बूट, दप्तरं, खेळणी, भांडी, पुस्तकं, बंद पडलेली इलेक्ट्रॉनिक यंत्रं, मोठं फर्निचर असेल तर त्याचं आधी बोलून ठरवायचं. मी आमच्या भागातल्या ड्राइव्हला गेले तेव्हा रिक्षा भरून सामान होतं, मुलाची लहानपणीची सायकल, सासूबाईंच्या नऊवारी, दोन मिक्सर, कुठल्या कुठल्या चार्जरच्या वायरींची एक भली मोठी गुंडाळी. तिथे बसलेल्या बाईंनी दप्तर हातात घेतलं, दोन्ही चेन मागेपुढे ओढून बघितल्या, पट्ट्याची शिवण बोटाने दाबून बघितली आणि मग वापरण्यासारख्या ढिगात ठेवलं. बुटांच्या लेस एकमेकांना बांधून घेतल्या, नाहीतर जोड हरवतो आणि मग एका पायाचा बूट कचराच. नऊवारीला हात लावून म्हणाल्या, "ही सुती आहे, ही आमच्यातलीच कुणीतरी नेईल, छान आहे." सासूबाई बरोबर होत्या, त्यांना किती बरं वाटलं ते चेहऱ्यावर दिसत होतं.

मला या ड्राइव्हचं सगळ्यात जास्त काय पटलं तर इथे दान केल्याचं समाधान विकत नाहीत. काय चालेल काय नाही ते तोंडावर सांगतात. फाटके अंतर्वस्त्रं, बुरशी आलेली गादी, अर्धी जळलेली कढई असलं घेऊन येणारे लोक असतात, गरिबाला चालेल म्हणून, त्यांना नम्रपणे पण सरळ नाही म्हणतात. आणि हेच बरोबर आहे. जे आपण आपल्या पाहुण्याला देणार नाही ते कुणालाच देऊ नये. जे दुरुस्त होईल ते दुरुस्तीला, जे वापरण्यासारखं आहे ते वापरात, बाकीचं रिसायकलला.

जाणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगते: कपडे धुऊन, वाळवून, घडी करून न्या. वायरी वेगळ्या पिशवीत. मोबाइल किंवा लॅपटॉप देत असाल तर त्यातले फोटो, बँकेची ॲप, सगळं पुसून, सिमकार्ड आणि मेमरी कार्ड काढून मगच द्या. मुदत संपलेली औषधं, ट्यूबलाइट, सीएफएलचे बल्ब यात टाकू नका, ट्यूबलाइट-सीएफएलमध्ये पारा असतो, फुटला की समोरच्याच्या श्वासात जातो, ते घातक कचऱ्यात वेगळं द्यायचं. फक्त ई-कचराच जास्त असेल तर पूर्णम इकोव्हिजन या संस्थेचं ई-यंत्रण नावाचं ई-कचरा कलेक्शन असतं जानेवारीत, प्रजासत्ताक दिनाच्या सुमारास, पुण्यात खूप ठिकाणी सेंटर असतात, तिथे पण देता येतं.

ओल्या कचऱ्याकडे येते. इथे ताईंवर सगळं टाकायचं नाही असं माझं ठाम मत आहे, कारण ओला कचरा हा सगळ्यात जड असतो आणि तो जिन्यावरून खाली आणून ढकलगाडीवर ढकलत नेणं म्हणजे कंबर मोडायचं काम. शक्य असेल तर घरी जिरवा. आमच्या सोसायटीने आधी एक मोठं विजेवरचं यंत्र घेतलं, कंपनीचं नाव घेत नाही, विकायला आलेला माणूस म्हणाला चोवीस तासात खत. झालं काय, यंत्र तापवून पाणी उडवतं आणि कचऱ्याचा कोरडा भुगा करतं, तो भुगा कुंडीत घातला आणि पाणी दिलं की परत ओला होतो, वास सुटतो, बुरशी येते. खत होण्यासाठी जिवाणूंना वेळ लागतो, तो वेळ विजेने विकत घेता येत नाही. त्यात विजेचं बिल वेगळं आणि पार्ट बिघडला की सर्व्हिसवाला फोन उचलत नाही. आता ते यंत्र जिन्याखाली झाकून ठेवलंय आणि गच्चीवर विटांचे साधे हौद केलेत, ते उत्तम चालतात.

पद्धत अगदी सोपी, खाली जाडसर काड्या-करवंट्या म्हणजे हवा खेळते, त्यावर ओल्या कचऱ्याचा थर आणि प्रत्येक वेळी वर वाळलेल्या पानांचा थर, कचऱ्याच्या दुप्पट तरी पानं हवीत. अधूनमधून आंबट ताक शिंपडायचं. वास आला तर समजायचं ओल जास्त झाली, पानं वाढवायची आणि खालीवर करायचं, बस. पांढुरक्या अळ्या दिसल्या की लोक घाबरून फिनेल ओततात, कृपा करून ओतू नका, त्या अळ्याच कचरा खाऊन संपवतात, फिनेलने सगळं मरतं. दोन-तीन महिन्यांत खालून काळंभोर भुसभुशीत खत निघायला लागतं, पहिल्या पावसानंतरच्या मातीसारखा वास येतो त्याला. गांडूळखत, सोलर किंवा पावसाचं पाणी साठवणं यातलं एक काही केलं तर पुणे महापालिका मिळकतकरातल्या सर्वसाधारण करात पाच टक्के सवलत देते, दोन किंवा जास्त केली तर दहा, पण अर्ज करावा लागतो आणि ते खरंच चालू आहे की नाही हे बघायला माणूस येतो, त्यामुळे नुसतं दाखवायला करून ठेवू नका.

वाळलेली पानं कुठून आणायची हा प्रश्न असेल तर पुण्यातच ब्राउन लीफ नावाचा उपक्रम आहे, २०१६ पासूनचा. कल्पना इतकी साधी की आधी कुणाला का सुचली नाही असं वाटतं, एका सोसायटीत पानं नकोशी झालेली असतात आणि ती झाडून कोपऱ्यात पेटवून देतात, आणि दुसरीकडे गच्चीवर बाग करणाऱ्याला तीच पानं पोतं पोतं हवी असतात, तर दोघांची गाठ घालून द्यायची. पैशाचा संबंध नाही. फेब्रुवारी-मार्चमध्ये पानगळ सुरू झाली की आमच्या भागातल्या जुन्या बंगल्यांतून आंब्याची, जांभळाची, बदामाची पानं मिळतात. आम्हाला एका बंगल्यातल्या आजोबांनी पोती भरून दिली आणि वर म्हणाले परत या, पुढच्या आठवड्यात अजून पडतील. त्यांच्याकडे आधी माळी पानं जाळायचा, त्या धुराने आजोबांनाच खोकला व्हायचा, आता तो बंद झालाय. यालाही माझ्याकडून पाचपैकी पाच, फक्त पोतं तुमचं तुम्ही न्या आणि पानांत प्लास्टिकचे तुकडे आहेत का ते भरतानाच बघून घ्या. गुलमोहराची बारीक पानं लवकर कुजतात, वडाची जाड पानं हाताने चुरून घालावी लागतात नाहीतर वर्षभर तशीच दिसतात.

गणपतीचं राहिलंच. विसर्जनाच्या दिवशी घाटांवर स्वच्छच्या बायका उभ्या असतात निर्माल्य घ्यायला, फुलं-पानं वेगळी करून त्यांचं खत होतं. तुम्ही निर्माल्य देताना त्यातली प्लास्टिकची पिशवी, थर्माकोल, कापराचं रिकामं पाकीट, हाराच्या आतला चमकीचा दोरा काढून द्या, त्या गर्दीत प्रत्येक हार सोडवत बसणं म्हणजे काय होत असेल बघा. मूर्ती शाडूची असेल तर घरी बादलीत विसर्जन करा, एका दिवसात माती होते आणि तीच कुंडीत घाला. प्लास्टरची असेल तर अमोनियम बायकार्बोनेटचा उपाय आहे, पाषाणच्या एनसीएल म्हणजे राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतल्या शास्त्रज्ञांनी सुचवलेला, महापालिका त्या काळात ही पावडर मोफत देत आलीये. पावडर पाण्यात घालून मूर्ती बुडवून ठेवायची, लहान मूर्ती दोन दिवसांत विरघळते, खाली चुन्यासारखा गाळ उरतो आणि वरच्या पाण्यात अमोनियम सल्फेट असतं, म्हणजे खतच, ते पातळ करून झाडांना घालता येतं. फक्त खिडक्या उघड्या ठेवा, अमोनियाचा वास डोळ्याला झोंबतो, आणि लहान मुलांना बादलीजवळ जाऊ देऊ नका.

नवीन राहायला आलेल्यांनी पहिल्या आठवड्यात काय करायचं ते सांगते. वॉचमनला नका विचारू, सकाळी ताई येतात तेव्हा दार उघडून स्वतः बोला, त्यांचं नाव विचारा, ओळखपत्र असतं त्यांच्याकडे, फी किती आणि कुठल्या तारखेला द्यायची ते ठरवा आणि त्या तारखेला त्यांनी न मागता द्या. काच फुटली असेल तर कागदात गुंडाळून वर मोठ्या अक्षरात काच लिहा आणि हातात देताना तोंडाने पण सांगा, सगळ्यांना वाचता येतंच असं नाही. ब्लेड आणि सुया एका डब्यात साठवून झाकण चिकटवून द्या. तुमच्या भागात कुणीच येत नसेल तर जवळच्या आरोग्य कोठीवर जा किंवा स्वच्छच्या वेबसाइटवर तुमचा भाग टाकून विचारा. पुढच्या व्ही कलेक्टची तारीख पण तिथेच किंवा तुमच्या ताईंकडून कळते. दिवाळीच्या आवराआवरीचं सामान असेल तर दसऱ्यालाच काढून ठेवा, दिवाळीच्या तोंडावर सगळं पुणे एकदम माळे रिकामे करतं. गाद्या आणि मोठी कपाटं नेण्याआधी घेतात का ते विचारून घ्या, म्हणजे टेंपोचं भाडं वाया जाणार नाही.